लेकरू घेऊन बिझनेस क्लासने: खान्देशातून निघणाऱ्या आईबापांसाठी

जळगावच्या विमानतळावरून बिझनेस क्लासने जाता येत नाही. इथे येतात ती एटीआर जातीची पंख्यांची छोटी विमानं, साधारण सत्तर सीटची, आणि त्यात सगळ्या सीट एकाच दर्जाच्या. धुळ्याला गोंदूरची धावपट्टी आहे, पण तिथून प्रवासी विमान सुटत नाही. नंदुरबारवाल्यांना सुरत गाठावं लागतं. म्हणजे आपल्याकडच्या माणसाची बिझनेस क्लासची सहल आधी रेल्वेने किंवा गाडीने सुरू होते. हे आधी सांगते, कारण पैसे कुठे घालायचे हे त्यावरच ठरतं.

गेल्या मे महिन्यात आम्ही साडेतीन वर्षांच्या लेकीला घेऊन मुन्नारला गेलो. जळगाव ते मुंबई रात्रीची रेल्वे, मुंबई ते कोची विमान. जाताना बिझनेस क्लास आणि येताना साधा वर्ग, असं ठरवून केलं. दोन्ही अनुभव एकाच आठवड्यात आल्यामुळे फरक नीट कळला. लहान मूल बरोबर असेल तर बिझनेस क्लासचे पैसे विमानात जेवढे वसूल होतात त्याहून जास्त विमानतळावर होतात. रांग नाही, बसायला सोफा, स्वच्छ बाथरूम, वेळेवर खाणं. रात्रभर रेल्वेत झोपमोड झालेल्या पोराला हेच हवं असतं. हवेतल्या दोन तासांत मिळणारी रुंद सीट मोठ्या माणसाला सुखाची, पण पोराला तिचं फारसं कौतुक नसतं.

आधी हिशोब

देशांतर्गत बिझनेस क्लास आज मोजक्याच कंपन्यांकडे आहे. एअर इंडियाच्या बऱ्याच ए-३२० विमानांत पुढे आठ सीट असतात, दोन-दोनच्या जोडीने, दोन रांगा. इंडिगोने नोव्हेंबर २०२४ पासून दिल्ली-मुंबई मार्गावर ‘स्ट्रेच’ नावाने हा वर्ग सुरू केला, त्यात बारा सीट. विस्तारा आता वेगळी राहिली नाही, १२ नोव्हेंबर २०२४ ला ती एअर इंडियात विलीन झाली. एअर इंडिया आणि इंडिगो, दोन्हीकडे वर्ग बिझनेसचा असला तरी आत काय मिळतं ते सारखं नाही. तिकीट काढताना एकच प्रश्न आधी विचारा: यात लाउंज, म्हणजे विमानतळावरची बसायची-खायची खास जागा, आहे का? नसेल तर लेकरासाठी त्या तिकिटाची अर्धी किंमत गेली असं समजा.

भाड्यावरचा कर लक्षात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून साध्या वर्गाच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या वर्गांवर १८ टक्के, आधी तो १२ होता. समजा साध्या वर्गाचं मूळ भाडं ५,००० आणि बिझनेसचं १५,००० असेल, तर एकाचा कर २५० आणि दुसऱ्याचा २,७०० होतो. तीन माणसांचा फरक काढला की आकडा डोळ्यांत भरतो. म्हणून दोन्ही बाजूंनी बिझनेस घेण्याचा आग्रह धरू नका. रात्रीच्या रेल्वेनंतर जे विमान पकडायचं आहे, तेवढ्यालाच घ्या.

वयाचा हिशोब असा. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसतं, त्याचं वेगळं आणि कमी भाडं लागतं. दोन वर्षं पूर्ण झाली की पूर्ण सीट. वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात. जाताना बाळ तेवीस महिन्यांचं आणि सहलीतच दुसरा वाढदिवस येत असेल, तर परतीला त्याची सीट काढावी लागते. मांडीवरच्या बाळासाठी बिझनेस क्लास मला सगळ्यात जास्त पटतो, कारण दोन तास दहा किलोचं बाळ घेऊन अरुंद सीटवर बसणं म्हणजे काय ते बसलेल्या आईलाच माहीत. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मात्र थोडा विचार करा. का ते पुढे येईलच.

क्रेडिट किंवा डेबिट कार्डावर लाउंज मोफत मिळत असेल तर अर्धं काम तिथेच झालं. फक्त पोराचे वेगळे पैसे घेतात का ते आधी बघा. मग साध्या वर्गातल्या पुढच्या रांगेच्या सीट घेऊनही भागतं.

तिकीट काढताना

सगळ्यांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई किंवा वडिलांशेजारी सीट द्यायचा आदेश डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना दिला आहे. तिकीटं वेगवेगळी काढली तर हा हक्क हातचा जातो. एक तिकीट पॉइंट वापरून आणि दोन पैशांनी काढायचा मोह होतो, तो टाळा. विमान सुटायच्या आधी बोली लावून वरचा वर्ग मिळवायची सोय असते, तिथेही तिघांची बोली एकत्र लागते ना ते तपासून घ्या.

नाव आधारवर आहे तसंच टाका. आईबापाकडे ओळखपत्र असेल तर बरोबरच्या लहान मुलाचं वेगळं ओळखपत्र सहसा मागत नाहीत, पण मांडीवरच्या बाळाचं वय दाखवावं लागतं. महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, नाहीतर निळं बाल आधार बरोबर ठेवा. मोबाइलमध्ये फोटो आणि पिशवीत झेरॉक्स, दोन्ही.

आता सीट. दोन-दोनची मांडणी असल्यामुळे तिघांच्या कुटुंबात दोघं एका बाजूला आणि तिसरं माणूस मधल्या वाटेपलीकडे बसतं. लेकरू खिडकीशी, त्याच्याजवळ आई किंवा बाप, आणि दुसरा त्याच रांगेत वाटेपलीकडे, हीच रचना चांगली. मी मागची, म्हणजे दुसरी रांग घेते. पहिल्या रांगेसमोर भिंत असते, पायाशी पिशवी ठेवता येत नाही, विमान उडताना आणि उतरताना सगळं वरच्या कप्प्यात टाकायला लावतात. पोर नेमकं तेव्हाच पाणी मागतं. दुसऱ्या रांगेत पुढच्या सीटखाली पिशवी राहते. साडेतीन वर्षांच्या पोराचे पाय पुढच्या सीटपर्यंत पोचतही नाहीत, त्यामुळे लाथांची काळजी नाही.

पोराचं जेवण निदान चोवीस तास आधी नोंदवावं लागतं. आम्ही नोंदवलं होतं, फोन करून खात्रीही केली होती. विमानात ते चढलेलंच नव्हतं. हवाईसुंदरीने मनापासून माफी मागितली, मोठ्यांच्या ताटातला साधा भात आणि दही वेगळं काढून दिलं. पोट भरलं ते घरून नेलेल्या केळ्यांनी. यावल-रावेरच्या माणसाला केळ्याचं महत्त्व मी काय सांगणार, पण विमानासाठी याहून सोपं खाणं नाही. सांडत नाही, वास मारत नाही, हात धुवावे लागत नाहीत. जरा कच्चट बाजूची घ्या, रात्रभराच्या रेल्वेत पिकतात.

घर ते विमानतळ

खान्देशातल्या माणसाने सगळ्यात जास्त जपायचा टप्पा हा आहे, आणि बिझनेस क्लासचं महागडं तिकीट इथेच पाण्यात जातं.

जळगाव-भुसावळकडून विदर्भ एक्स्प्रेस किंवा अमरावती एक्स्प्रेससारखी रात्रीची गाडी धरली की पहाटे-सकाळी मुंबई येते. गाडी पोचायची वेळ आणि विमान सुटायची वेळ यात निदान पाच तास ठेवा. सामान द्यायचा काउंटर देशांतर्गत विमानाला साधारण एक तास आधी बंद होतो, आणि रेल्वेला उशीर झाला म्हणून विमान कंपनी पैसे परत करत नाही. आमची गाडी तासभर उशिरा आली. पाच तास ठेवले होते म्हणून प्लॅटफॉर्मवर पळावं लागलं नाही. लेकीने कल्याणला उतरून शांतपणे दूध प्यायलं.

मुंबई विमानतळ म्हणजे नेमकं कुठलं ते तिकिटावर बघा. सहारचं दोन नंबरचं टर्मिनल, सांताक्रूझच्या बाजूचं एक नंबरचं, की नवी मुंबईचं नवीन विमानतळ? सहारला जायचं तर ठाण्याला थांबणारी गाडी बरी, तिथून टॅक्सी. नवी मुंबईचं असेल तर कल्याणला उतरून पनवेलकडे जायचं. चुकीच्या विमानतळावर उतरलात तर पाच तासही पुरत नाहीत.

धुळेकरांना नाशिकचं ओझर जवळ, शिरपूरकडच्यांना इंदूर सोयीचं. जळगावकरांना छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा सुमारे १६० किलोमीटरवर. तिथून मुंबई-दिल्लीला विमानं आहेत, त्या विमानात बिझनेस वर्ग आहे का ते त्या दिवसाच्या तिकिटावरच कळेल. अजिंठ्याचा घाट लागतो, पोराला गाडीत मळमळ होत असेल तर तेही धरा. मी रेल्वे निवडली, कारण बर्थवर आडवं झालेलं पोर सहा तास तरी झोपतं.

पिशवीत काय

हातातल्या पिशवीचं वजन तिकिटावर लिहिलेलं असतं, बिझनेसला थोडं जास्त मिळतं. पोरासाठी मी एकच पिशवी केली आणि तिची मांडणी वापराच्या क्रमाने केली. वर रुमाल आणि पाण्याची बाटली, मग केळी आणि राजगिऱ्याचे लाडू, मग कपड्यांचे दोन पूर्ण जोड, तळाशी चित्रांची वही आणि खडू. एक टी-शर्ट माझाही, कारण पोर ओकलं तर ते आईच्या अंगावरच ओकतं. मे महिन्यात आपण पंचेचाळीस डिग्रीतून निघतो आणि पातळ सुती कपड्यांत पोराला विमानात बसवतो. आत गारठा असतो. पायमोजे आणि पूर्ण बाह्यांचा स्वेटर हाताशी ठेवा.

बाळाचं दूध, गरम पाणी, पेज देशांतर्गत प्रवासात नेता येते. तपासणीच्या वेळी स्वतःहून बाहेर काढून दाखवा. शंभर मिलिलिटरची अट आंतरराष्ट्रीय प्रवासाची. पॉवर बँक मात्र हातातल्याच पिशवीत हवी, मोठ्या बॅगेत चालत नाही. काडेपेटी, लायटर कुठेच नको.

आपल्याकडची एक खास अडचण म्हणजे सुकं खोबरं. बाहेरगावी राहणाऱ्या नातेवाइकांकडे जाताना काळ्या मसाल्याचं सामान बांधून द्यायची आपली रीत. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं म्हणून त्याला विमानात बंदी आहे. गोटा खोबरं घरीच ठेवा. तिखट आणि मिरचीचं लोणचं हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत घट्ट बांधून टाका. बिबडे, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, खुशाल न्या.

बाबागाडी असेल तर विमानाच्या दारापर्यंत नेता येते. चिठ्ठी लावून तिथे देतात.

विमानतळावर

सामान द्यायला वेगळा काउंटर असतो. आमच्यापुढे एकच माणूस होता, शेजारी सुट्टीची रांग दोरीच्या तीन वळणांची. बॅगांना प्राधान्याची चिठ्ठी लावली का ते डोळ्यांनी बघा, कोचीला आमच्या बॅगा पहिल्या पाच-सहांत आल्या.

मग थेट लाउंज. बहुतेक ठिकाणी विमान सुटायच्या दोन-तीन तास आधीच आत घेतात, त्याआधी पोचलात तर बाहेर थांबावं लागतं. आत गेल्यावर आमचा क्रम असा होता: आधी बाथरूम, तोंड-हात-पाय धुणं, कपडे बदलणं. मग खाणं, इडली आणि दही. मग अर्धा तास मोकळं फिरू देणं. रात्रभर बर्थवर आणि सकाळी टॅक्सीत आखडलेल्या पोराला पाय मोकळे करायला जागा मिळाली की पुढचे दोन तास ते सीटवर बसतं. खाऊ घालून लगेच मोबाइल हातात देऊ नका, तो विमानासाठी राखून ठेवा. आणि घड्याळाकडे लक्ष ठेवा, कारण मुंबई विमानतळावर ध्वनिक्षेपकावरून प्रत्येक विमानाची हाक देत नाहीत. फाटक विमान सुटायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी बंद होतं. तीन वर्षांच्या पोराच्या पायांनी लाउंज ते फाटक चालायला मोठ्या माणसाच्या दुप्पट वेळ धरा, आणि निघण्याआधी पुन्हा एकदा शू करवून घ्या.

आत आधी सोडतात. आई आणि पोर लगेच जा असं सगळे सांगतात. मी उलट केलं. नवरा पिशव्या घेऊन पहिला आत गेला, मी आणि लेक काचेतून विमान बघत सगळ्यात शेवटी. बसून राहण्याची वीस मिनिटं वाचली.

हवेत

सीट रुंद, पायांपुढे मोकळी जागा, आणि आठच माणसांसाठी पुढे एक बाथरूम. नुकतीच डायपर सुटलेल्या पोराच्या आईला या शेवटच्या गोष्टीची किंमत विचारा. ‘आई, आली’ म्हटल्यावर दहा पावलांत दार, रांग नाही. बेल्टची खूण पेटलेली असताना मात्र उठू देत नाहीत, म्हणून उतरायच्या पाऊण तास आधी एकदा नेऊन आणा.

अडचण झोपेची. या सीटच्या मधला हात जाड आणि पक्का असतो, वर उचलता येत नाही. जेवण झाल्यावर लेकीला पेंग आली. ती सवयीने माझ्या मांडीकडे कलली आणि तिचं कपाळ त्या टणक कडेवर आदळलं. मग ती हनुवटी त्यावर ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मी शाल घडी करून कडेवर टाकली, तिच्या पाठीमागे उशी दिली, तरी नीट जमेना. शेवटी मीच वाकून तिच्या डोक्याखाली हात धरून बसले. दोन फुटांचं अंतर, पण तिच्यासाठी आई दुसऱ्या खोलीत होती. म्हणून म्हणते, मांडीवर डोकं ठेवूनच झोपणारं तीन ते सहा वर्षांचं मूल असेल तर दुपारच्या झोपेच्या वेळेचं विमान बिझनेस क्लासने घेऊ नका. सकाळचं घ्या, जेव्हा ते जागंच राहणार आहे.

बेल्ट पोटावर न बांधता कमरेच्या हाडावर बांधा. मांडीवरच्या बाळाला वेगळा छोटा बेल्ट देतात, तो आईच्या बेल्टला अडकतो, मागून घ्या. ऑक्सिजनचा मास्क खाली आला तर आधी स्वतःला, मग पोराला.

चहा-कॉफी कपबशीत येते आणि त्या रुंद हातावर ठेवतात, बरोबर पोराच्या कोपराशी. मी चहा घेतला नाही. घ्यायचाच असेल तर वाटेपलीकडे बसलेल्याने घ्यावा.

बऱ्याच विमानांत सीटसमोर टीव्हीसारखा पडदा नसतो. गाणी-गोष्टी घरूनच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, आणि पोराच्या मापाचा हेडफोन घ्या. आजूबाजूला लॅपटॉप उघडून बसलेली माणसं असतात. त्यांच्याकडे बघून ओशाळू नका, पोराच्या सीटचे पैसे तुम्ही भरलेत. आवाज कमी ठेवा, तेवढं पुरे.

कान दुखतात ते बहुतेक उतरताना. विमान साधारण अर्धा तास आधी खाली यायला लागतं, हवेचा दाब वाढतो, आणि घसा ते कान ही पोरांची नळी अरुंद असते. गिळलं की ती उघडते. निघताना सासूबाईंनी बजावलं होतं, ‘आंडेरना कान झाकी ठेव,’ म्हणजे लेकीचे कान झाकून ठेव. मी टोपी घातली, त्याने ऊब मिळते, पण काम गिळण्यानेच होतं. बाळाला अंगावर पाजा किंवा बाटली द्या, मोठ्याला घोट घोट पाणी. झोपलेलं पोर कमी गिळतं, म्हणून खाली यायला लागल्यावर त्याला उठवा, रडलं तरी चालेल. सर्दी किंवा कान फुटलेला असेल तर निघायच्या आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. झोपेचं औषध स्वतःच्या मनाने अजिबात देऊ नका.

काही बिघडलं तर

आयत्या वेळी विमान बदललं आणि बिझनेसचं तिकीट असून साध्या वर्गात बसवलं, तर डीजीसीएच्या २०२३ च्या नियमाप्रमाणे देशांतर्गत प्रवासात तिकिटाच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम, करासकट, परत मिळते. काउंटरवर लेखी घ्या, जुना आणि नवा बोर्डिंग पास दोन्ही जपा. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचं विमान दोन तासांहून जास्त रखडलं तर खाणंपिणं द्यायची जबाबदारी कंपनीची. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, यांतलं तुम्ही निवडायचं. पोर कडेवर असताना भांडायची ताकद राहत नाही, म्हणून एकाने पोराला घेऊन बसावं आणि दुसऱ्याने काउंटरवर उभं राहावं.

परतीला

कोचीहून येताना साध्या वर्गात तिघांची सलग रांग घेतली. विमान वर गेल्यावर मधले दोन्ही हात उचलले, लेकीचं डोकं माझ्या मांडीवर, पाय बापाच्या मांडीवर. दीड तास गाढ झोपली. उतरायच्या आधी हात खाली करून तिला बेल्ट बांधून बसवावं लागलं, तेवढीच कुरकुर.

परतीची रेल्वे विमान उतरायच्या वेळेनंतर निदान चार तासांची काढा, आणि तिकीट विमानाच्या आधी काढा. मे महिन्यात विमानाची सीट पैसे टाकले की मिळते, पण रात्रीच्या गाडीतला जळगावचा खालचा बर्थ मिळत नाही.